स्टारगार्टमध्ये वाचनासाठी: साधं भिंग की इलेक्ट्रॉनिक?

स्टारगार्ट या डोळ्यांच्या आजारात दृष्टिपटलाचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, झिजतो. कडेची नजर बहुधा शाबूत राहते. चष्म्याचा नंबर बदलून ही उणीव भरत नाही, अक्षर मोठंच करावं लागतं.

साध्या भिंगावर डायऑप्टर, म्हणजे भिंगाच्या ताकदीचा आकडा, लिहिलेले असतात. त्यांना ४ ने भागलं की अक्षर साधारण किती पट मोठं दिसेल ते कळतं: २० डायऑप्टर म्हणजे ५ पट, आणि कागदापासून भिंगाचं अंतर ५ सेंटिमीटर. हात हलला की अक्षर पुसट. ताकद वाढली की भिंग लहान होतं, एका वेळी मोजकीच अक्षरं दिसतात आणि वाक्याचा धागा सुटतो. मोठं आणि ताकदवान असं भिंग नसतंच. डोळा भिंगाजवळ नेला तर जास्त मजकूर दिसतो. बरेच जण नेमकं उलट करतात.

इलेक्ट्रॉनिक भिंगात, म्हणजे कॅमेऱ्याने मजकूर पडद्यावर मोठा दाखवणाऱ्या यंत्रात, पट बदलता येते, काळ्यावर पांढरी अक्षरं करता येतात. डोळे दिपत असतील तर हा मोठाच दिलासा. पण ते महाग, जड आणि चार्जिंगवर अवलंबून.

बाजूच्या नजरेने वाचायचा सराव दोन्हीकडे लागतोच. औषधाची पट्टी, पावती, किमतीची चिठ्ठी एवढंच पाहायचं असेल तर खिशातलं साधं भिंग पुरे. पानंच्या पानं वाचायची असतील तर इलेक्ट्रॉनिकच घ्यावं.