बोटीच्या इंजिनात जुना फायबरस्कोप: बंदीचा हंगाम काढल्यावर

देवगड बंदरात बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. दिवाळीच्या सुमारास सेकंडहँड फायबरस्कोप घेतला, म्हणजे इंजिनात भोकातून घालून आतलं डोळा लावून बघायची लवचिक नळी. मासेमारी बंदीचे जून-जुलै सरले, आता लिहायला हरकत नाही.

पैसे वसूल झाले ते वळणाऱ्या टोकामुळे. मोबाइलला जोडायचा स्वस्त कॅमेरा डिझेल फवारणाऱ्या नॉझलच्या भोकातून सरळ उतरतो आणि पिस्टनचा माथाच दाखवत बसतो. इथे मुठीवरची चकती फिरवली की टोक मागे वळतं, व्हॉल्व्हची बैठकसुद्धा दिसते. एक ट्रॉलर पांढरा धूर टाकत होता. "मिस्त्री, हेड खोलूचा लागतला काय?" तांडेल सारखा विचारी. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. आत लायनरवरच्या (सिलिंडरच्या आतल्या अस्तरावरच्या) होनिंगच्या, म्हणजे घासून मुद्दाम पाडलेल्या, तिरक्या रेघा शाबूत होत्या. पिस्टनवर काजळी एकसारखी बसलेली, फक्त एका बाजूला धुऊन काढल्यासारखा चकचकीत डाग. कूलिंगचं पाणी कमी होत नव्हतं, म्हणजे हेडखालच्या गॅस्केटवर (गळती रोखणाऱ्या पट्टीवर) संशय नको. नॉझल थेंब गाळत होता. तो बदलला, हेडला हात लावला नाही.

माणसं नेणाऱ्या स्पेस शटलच्या मुख्य इंजिनांचे टर्बोपंपही उड्डाणानंतर असेच बोअरस्कोपने (भोकातून आत बघायच्या अशाच उपकरणाने) तपासत. मिनिटाला सुमारे 35,000 फेरे घेणाऱ्या पंपाच्या पात्यांना बारीक चीर गेली, तरी पुढचं उड्डाण धोक्यात. 2002 मध्ये तर हायड्रोजनच्या नळीतल्या अस्तराला काही मिलिमीटरच्या चिरा सापडल्या आणि सगळी शटल काही महिने जमिनीवर राहिली. आमच्याकडे एवढं पणाला नसतं, पण सगळं खोलून परत बसवताना नवी गळती लावून घेण्याची भीती दोन्हीकडे सारखीच.

आता तक्रारी. चित्र हजारो बारीक तंतूंतून येतं. एक तंतू तुटला की तिथे कायमचा काळा ठिपका. माझ्याकडे आला तेव्हाच ठिपके होते, विकणाऱ्याने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. घेण्याआधी पांढऱ्या कागदावर धरून बघा. नळी घट्ट गुंडाळू नका, गरम इंजिनात घालू नका. पावसात आयपीसच्या (डोळा लावायच्या टोकाच्या) काचेवर बुरशी धरायला लागली, तेव्हापासून सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवतो. मालकाला आतलं दाखवायचं तर आयपीसला मोबाइल टेकवून फोटो काढावा लागतो, तो धूसरच येतो.

बजेट असेल तर वळणाऱ्या टोकाचा व्हिडिओस्कोप (टोकाला कॅमेरा, चित्र पडद्यावर) घ्या, मेगापिक्सेल नंतर बघा. सरळ कॅमेरा बिल्जमध्ये (बोटीच्या तळात) पडलेला नट शोधायला ठीक.