पंधरा हजारांत मोटरची सायकल: पेट्रोल, हब की चेन?

सायकल घरात आहे. रोजचं जाणं-येणं मिळून चौदा-पंधरा किलोमीटर. खिशात पंधरा हजार, आणि आजवर पाना हातात धरला तो पंक्चर काढण्यापुरता. हा आढावा अशा माणसासाठी आहे. पंचवीस-तीस हजार सोडायची तयारी असेल तर सरळ तयार ई-सायकल घ्या. वॉरंटी मिळेल आणि तुमचे चार रविवार वाचतील. नाहीतर पुढे वाचा.

बाजारात तीन रस्ते आहेत: पेट्रोल इंजिनचं किट, चाकातच बसणारी हब मोटर, आणि फ्रेमवर बसून चेनने चाक फिरवणारी छोटी मोटर. चौथा एक आहे, टायरवर रोलर घासून सायकल ढकलणारा. तो आपल्याकडे जूनमध्ये पहिला पाऊस पडेपर्यंत चालतो. ओल्या टायरवर रोलर नुसता फिरतो आणि कोरड्यावर टायर खातो. त्याचा विषय इथेच संपला.

पेट्रोल

व्हिडिओ बघून सगळ्यात आधी मन जातं ते यावर. टू-स्ट्रोक इंजिन, टाकी, कार्ब्युरेटर, सायलेन्सर सगळं एका खोक्यात, आणि खोक्यावर ‘८० सीसी’. प्रत्यक्षात या नेहमीच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४७ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ३८. त्यावरून घनफळ काढलं की ६६ सीसी भरतात. पण अडचण चौदा सीसी कमी मिळण्याची नाही, ६६ सीसी फार जास्त असण्याची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेलं वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. त्याच्या वर गेलात की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं, आणि घरी जोडलेल्या सायकलला मान्यतेचे कागद नसल्याने नोंदणी होणार नाही. पुण्यात १९७२ साली आलेल्या किनेटिकच्या लूनालाही पेडल होते. तरी ५० सीसीमुळे तिला नंबरप्लेट होतीच. फवारणी पंपाचं इंजिन बसवू, असं गावाकडे हमखास कोणीतरी सुचवतं. ते साधारण २६ सीसीचं असतं. थोडक्यात हुकतं.

कायदा बाजूला ठेवला तरी नवख्याला हे किट जड जातं. मागचं मोठं दातेरी चक्र स्पोकच्या दोन्ही बाजूंना रबराच्या चकत्या लावून नऊ बोल्टांनी आवळायचं असतं. नऊ बोल्ट ३६ स्पोकच्या चाकात नीट बसतात. आपल्या जुन्या काळ्या सायकलच्या मागच्या चाकाला स्पोक असतात ४०, मग चक्र कधीच मधोमध बसत नाही आणि चेन उतरत राहते. लिटरमागे चाळीस मिलिलिटर ऑइल मोजून घालायचं, सकाळी सहाला सोसायटी जागी करायची, आणि कापडाला सुटणारा धुराचा वास वेगळा. स्वतःच्या शेतात, स्वतःच्या बांधावर हौस म्हणून फिरवायची असेल तर जरूर करा. कामावर जायला नको.

विजेच्या बाजूला नियम बराच सैल आहे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर: एवढ्यात बसलं तर ते मोटार वाहन नाही. मात्र हे सगळं तपासणी संस्थेने पडताळलेलं असावं, असंही त्याच नियमात आहे, आणि घरची जोडणी पुण्याच्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थेकडे कोणी नेत नाही. म्हणजे कागदावर थोडी फट राहतेच. ५०० किंवा १००० वॉटची मोटर घेऊन ती फट स्वतःहून रुंद करू नका.

हब मोटर

दिसायला सर्वात नीटस हीच. चाक काढलं, मोटरचं चाक बसवलं, वायर जोडल्या, झालं. आवाज नाही, चेन नाही, बाहेर ग्रीस नाही. ३६ व्होल्ट २५० वॉटचं किट बॅटरीशिवाय साधारण नऊ-दहा हजारांना पडतं. त्यात दोन जाती आहेत. गिअर नसलेली मोटर जड असते आणि वीज संपल्यावर पेडल मारताना ती मागे खेचते. आत छोटे गिअर असलेली हलकी असते, चढावर बरी, आणि बंद असताना चाक मोकळं फिरतं. घ्यायचीच तर गिअरवाली घ्या.

आता न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी. हब मोटरला बहुधा ३६ भोकं असतात. काळ्या सायकलच्या पुढच्या रिमला ३२, मागच्या रिमला ४०. म्हणजे दोन्हीपैकी एकही रिम चालत नाही, नवी रिम घ्या, स्पोक घ्या, आणि चाक भरून (स्पोक ओवून) त्याचा आऊट, म्हणजे डुलणं, काढणारा कारागीर शोधा. सव्वीस इंची एमटीबीला (माउंटन बाइकला) बहुतेकदा ३६ असतात, पण स्पोकची लांबी बदलतेच. चाक तयार भरलेलं मिळत असेल तर चार पैसे जास्त गेले तरी तेच घ्या.

दुसरं, अॅक्सल. साध्या सायकलचा अॅक्सल फक्त चाक धरून ठेवतो. हब मोटरचा अॅक्सल मोटरचा सगळा पीळ सोसतो. त्याला दोन्ही बाजूंनी चपट केलेलं असतं आणि ते चिमट्याच्या (चाक धरणाऱ्या फोर्कच्या) खाचेत घट्ट बसावं लागतं. मी पहिल्यांदा पुढच्या चाकात बसवली तेव्हा खाच अरुंद म्हणून कानस मारली, थोडी जास्तच मारली, आणि पीळ रोखणारी लोखंडी पट्टी ‘नंतर लावू’ म्हणून ठेवून दिली. चौथ्या दिवशी सिग्नलवरून निघताना अॅक्सल खाचेतच फिरला आणि आत जाणाऱ्या वायरी दोरीसारख्या पिळल्या गेल्या. चाक निखळलं नाही हे नशीब. विकणाऱ्याने ती पट्टी पिशवीत दिली होती, चूक माझीच. पट्टी लावल्याशिवाय थ्रॉटलला हात लावायचा नाही, आणि पुढचा चिमटा अॅल्युमिनियमचा किंवा शॉकअपवाला असेल तर पुढे मोटर बसवायचीच नाही.

आणि शेवटी हिशेब: किट नऊ-दहा हजार, ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरची बॅटरी चार्जरसह आठ-नऊ हजार. पंधराची मर्यादा इथेच ओलांडली. ज्यांना अठरा-वीस परवडतात, रस्ता सपाट आहे आणि हात काळे करायचे नाहीत, त्यांनी हबच घ्यावी.

चेनवाली

माझं मत इथे पडतं, आणि ते मोटरच्या प्रेमाने नाही. ही ब्रशवाली २४ व्होल्ट २५० वॉटची मोटर ओबडधोबड आहे, घरघर करते, आणि चेन सैल झाली की खडखडते. पण तिच्यातलं काहीही बिघडलं तर गल्लीतला माणूस ते बघू शकतो. कार्बन ब्रश बदलता येतात, वायरी दोनच, कंट्रोलर (मोटरला किती वीज जाईल ते ठरवणारा डबा) जळला तर हजार-पंधराशेत दुसरा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असे सुटे भाग चाळायला मिळतात. किट सहा-सात हजारांच्या आसपास.

गिअर लावलेली ही मोटर मिनिटाला साधारण ३०० फेरे देते. तिच्यावर ९ दाते, चाकावर १८, म्हणजे चाक १५० फेरे घेईल. सव्वीस इंची चाकाचा घेर २.०७ मीटर धरला तर ताशी साडेअठरा किलोमीटर. कमी वाटतं ना? शहरातल्या ट्रॅफिकमध्ये घरून ऑफिसपर्यंतचा तुमचा सरासरी वेग एकदा मोजून बघा. चाकावर १६ दाते लावले तर २१ होतो, पण चढावर दम जातो. मी १८ ठेवले.

किट घेताना दुकानदाराला एकच प्रश्न नक्की विचारा: मोटरचे दाते आणि पेडलचे दाते एकमेकांपासून मोकळे फिरतात का? दोन्ही एकाच फ्रीव्हीलच्या (एकाच दिशेने ओढणाऱ्या, उलट मोकळं फिरणाऱ्या चक्राच्या) अंगावर पक्के असतील तर मोटर सुरू झाली की पेडलही गरागरा फिरतं आणि नडगीवर बसतं. मोटरला स्वतंत्र फ्रीव्हील असलेलंच किट घ्या.

बसवताना खरी कसोटी सरळ रेषेची. मोटरचे दाते आणि चाकाचे दाते एका ओळीत नसतील तर चेन उतरणार, मग कितीही आवळा. किटबरोबरची पट्टी तुमच्या फ्रेमला सहसा जुळत नाही. सायकल घेऊन वेल्डिंगवाल्याकडे जा, दोनशे-तीनशेत तो पाच मिलिमीटर पट्टीची बैठक बनवून देतो. फ्रेमला थेट वेल्डिंग मात्र करू देऊ नका. पातळ नळी जळते. क्लॅम्पच करा.

चढाचं बोलायचं तर माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो धरा. शंभर मीटरला आठ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १५ ने जायला नुसत्या चढासाठी सव्वातीनशे वॉट लागतात. २५० वॉटची कोणतीही मोटर, हब असो की चेन, एकटी ते करणार नाही. पेडल मारावं लागेल. ‘पेडल न मारता घाट चढते’ असं कोणी म्हणालं की समजायचं, एकतर मोटर मोठी आहे किंवा घाट छोटा.

पैसे मुरतात ते बॅटरीत

नवखे लोक मोटरवर आठवडाभर विचार करतात आणि बॅटरी संध्याकाळी जाता जाता घेतात. उलट करा. हलकं पेडल मारत गेलात तर किलोमीटरला साधारण १२ वॉट-अवर लागतात (बॅटरीतले वॉट-अवर म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर). यूपीएसमधल्या १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या दोन-अडीच हजारांत येतात. कागदावर १६८ वॉट-अवर. पण शिसे-आम्लाची बॅटरी एवढ्या जोरात उपसली की निम्मंच देते, म्हणजे सात किलोमीटर. जाल, पण परत याल ते पेडल मारत. १२ अँपिअर-अवरच्या घेतल्या तर आठ किलो वजन कॅरिअरवर चढतं, आणि रोज तळापर्यंत रिकाम्या केल्या तर वर्षभरात थकतात.

लिथियम आयर्न फॉस्फेट सेलच्या एकापाठोपाठ जोडलेल्या आठ जोड्यांची २४ व्होल्ट १२ अँपिअर-अवरची बॅटरी चार्जरसह साडेपाच-साडेसहा हजारांत बसते. तीनशे वॉट-अवर, त्यातले अडीचशे निर्धास्त वापरता येतात. वीस किलोमीटर, सेलचं वजन अडीच किलोच्या आत. शिवाय २४ व्होल्टचा साधा कंट्रोलर २१ व्होल्टच्या आसपास वीज तोडतो, ते या बॅटरीला सोयीचंच. बीएमएस, म्हणजे बॅटरीतल्या सेलची राखण करणारं सर्किट, सतत २० अँपिअर देणारा हवा. चार्जर २९.२ व्होल्टचाच, साध्या लिथियम-आयनच्या सात जोड्यांचा २९.४ व्होल्टचा असतो आणि पिन सारखीच असते, त्यामुळे गल्लत होते. बॅटरीच्या प्लसजवळ, मोटारीत असतो तसा ३० अँपिअरचा फ्यूज टाका.

जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून स्वस्तात पॅक बनवायचा मोह होईल. पहिल्या सायकलला नको. वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र बांधणं हे अनुभवी माणसाचं काम आहे, आणि पॅक चार्जिंगला लागतो तो घरात, रात्री, जिथे सगळे झोपलेले असतात.

ब्रेक आणि पहिली चक्कर

ताशी १५ वरून २५ वर गेलात की थांबवायची ऊर्जा पावणेतीन पट होते. सळईच्या ब्रेकची काळी सायकल अंगाने दणकट, पण किटमधले, दाबताच मोटरची वीज बंद करणारे ब्रेक लिव्हर केबलचे असतात. ते सळईला जोडता येत नाहीत. पावसात तिचे ब्रेक कसे लागतात हे ज्याने चालवली त्याला माहीत आहे. म्हणून घरची सायकल तशी असेल तर पायाभूत सायकल म्हणून जुन्या बाजारातली गिअर नसलेली सव्वीस इंची, स्टीलच्या फ्रेमची, केबल ब्रेकची घ्या, आणि नवे ब्रेक रबर, केबल यांना पाचशे रुपये बाजूला ठेवा. सायकल सोडून किट, बॅटरी, ब्रेक, वेल्डिंग, फ्यूज, वायरी मिळून हिशेब चौदा-साडेचौदा हजारांत बसतो.

कंट्रोलर सीटखाली उलटा लावा, वायरी आधी खाली झुकवून मग वर आत घ्या, म्हणजे पाणी थेंब होऊन खालीच गळतं. पहिली चाचणी चाक अधांतरी ठेवून, स्टँडवर. ब्रेक लिव्हर दाबला की मोटर तिथल्या तिथे बंद झाली पाहिजे, दहापैकी दहा वेळा. मग सोसायटीच्या आवारात, मग रस्त्यावर. तीन किलोमीटरनंतर उतरून मोटरला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर चेन जास्त ताणली असू शकते, सैल करून बघा.