सामायिक कचरा प्रकल्प: जाळून वीज की कुजवून गॅस?

चार-पाच नगरपरिषदांनी मिळून कचऱ्यापासून ऊर्जा करायचा विषय सभेत निघाला, की चर्चा लगेच जागेवर जाते. जागेच्याही आधी ठरवायला हवे ते तंत्र, कारण कुणाला भागीदार करायचे आणि करारात काय लिहायचे हे त्यावरच ठरते.

दोन नमुने आपल्या जवळच आहेत. पिंपरी-चिंचवडचा मोशीचा प्रकल्प 2023 मध्ये सुरू झाला. तिथे रोज सुमारे 700 टन कचरा जाळून 14 मेगावॉट वीज मिळवायची अशी क्षमता आहे. गोव्यात साळगावला 2016 पासून बार्देश तालुक्याच्या किनारपट्टीवरच्या गावांचा कचरा एकत्र येतो. ओल्यापासून बायोगॅस आणि वीज तयार होते, तर सुक्यातला जळाऊ भाग गाठी बांधून कर्नाटकातल्या सिमेंट भट्ट्यांना जातो. 100 टनांवर सुरू झालेला हा प्रकल्प पुढे 250 टनांपर्यंत वाढवला.

मोशीचा हिशोब मांडून पाहा. 14 मेगावॉट चोवीस तास म्हणजे 3,36,000 युनिट, टनामागे 480. एवढी वीज निघायला कचऱ्यात किलोमागे दोन हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्मांक लागतो. आपल्या घंटागाडीतल्या मिश्र कचऱ्यात निम्मे पाणीच असते आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. मग भट्टीचे तापमान पडते, जोडइंधन घालावे लागते आणि खर्च वाढतो.

आता एक लाख वस्तीचे गाव घ्या. रोज 35 टन कचरा धरला, तर त्यात साधारण 17 टन ओला आणि विकता न येणारा जळाऊ सुका फार तर 5 टन निघतो. जाळण्याचा प्रकल्प 300 टनांखाली सहसा परवडत नाही. म्हणजे नीट वर्गीकरण करणारी अशी साठ गावे जोडावी लागतील! इतकी गावे एका प्रकल्पाच्या आवाक्यात मिळत नाहीत. मग मिश्र कचरा पाठवूनच भट्टी भरली जाते आणि ‘इतके टन देऊच, कमी पडल्यास भरपाई देऊ’ हे कलम करारात येते. वीस वर्षांसाठी अशी सही केलेल्या नगरपरिषदेला वर्गीकरण वाढवणे तोट्याचे ठरते. आमच्या मते छोट्या शहरांच्या समूहाने हा मार्ग टाळावाच.

गॅसचा मार्ग लहान प्रमाणावरही चालतो. स्वच्छ ओल्या कचऱ्याच्या टनाला साधारण 80 घनमीटर बायोगॅस, म्हणजे 17 टनांना 1,300 च्या वर. पण त्याचेही दुखणे आहे. नारळाच्या करवंट्या, चिंध्या आणि वाळू टाकीत गेली की चिंध्या ढवळणीला गुंडाळतात, वाळू तळाशी बसते, टाकी रिकामी करावी लागते. एकदम जास्त माल ओतला तर आम्लता वाढते. सामू (pH, आम्लता मोजणारा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) 6.8 खाली गेला की मिथेन करणारे जिवाणू मंदावतात. तेव्हा दोन-तीन दिवस भरणी थांबवणे हा पहिला उपाय.

म्हणून ओला कचरा जवळच ठेवावा. 15 किलोमीटरच्या पलीकडे तो नेणे म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणे, वर रस्ताभर गळणारे सांडपाणी. सामायिक करायचे ते सुक्याचे केंद्र: चाळणी, तुकडे करणारे यंत्र, गाठी बांधणारा प्रेस आणि पक्के छप्पर. छप्पर विसरू नका. सिमेंटवाल्यांना 20 टक्क्यांच्या आत ओलावा लागतो आणि उघड्यावर भिजलेल्या गाठी ते परत पाठवतात. त्या फेरीचे भाडे कुणी भरायचे, हे आधी लिहिलेले नसेल तर भांडण ठरलेले.

करारात चार गोष्टी हव्यातच. वजनकाटा पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोन्ही दारांत. गाडी कोणत्या कारणासाठी नाकारता येईल, त्याचे स्पष्ट निकष. प्रत्येक भागीदाराची आगाऊ तीन महिन्यांची रक्कम वेगळ्या खात्यात, कारण एकाची थकबाकी सगळ्यांच्या गाड्या अडवते. आणि ज्या गावाच्या हद्दीत केंद्र आहे, त्याला टनामागे ठरलेली रक्कम. ती पहिल्या गाडीपासून द्यावी, आंदोलन झाल्यावर नव्हे. बाकीच्यांचा कचरा ते गाव आपल्या दारात घेत असते, एवढा मान त्याचा राखलाच पाहिजे.