यीस्टसाठी क्रोमोजेनिक अगार: नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या लॅबमध्ये क्रोमोजेनिक अगार (यीस्ट या एकपेशीय बुरशीच्या वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या रंगांत दाखवणारं माध्यम) आणावं असा आग्रह सगळ्यात जास्त माझा होता. त्याआधीचा शिरस्ता असा: सॅब्युरो डेक्स्ट्रोज अगार या साध्या माध्यमावर साईसारख्या पांढऱ्या कॉलन्या आल्या की जर्म ट्यूब (पेशीतून नळीसारखा कोंब फुटतो का हे बघणारी चाचणी) लावायची. पॉझिटिव्ह आली तर 'कँडिडा अल्बिकन्स' आणि नाही आली तर 'नॉन-अल्बिकन्स कँडिडा' असं लिहून रिपोर्ट पाठवायचा. पण 'नॉन-अल्बिकन्स' हे काही जातीचं नाव नव्हे. कँडिडाच्याच क्रुसेई या जातीवर फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध मुळातच चालत नाही, पॅराप्सिलोसिस या जातीवर बहुधा चालतं. दोघींना एकाच शब्दात गुंडाळणं मला फार खटकायचं. डॉक्टर औषध निवडतात ते त्या एका ओळीवर.

नऊ महिन्यांनंतर सांगते, आणलं ते बरंच झालं. फक्त ज्या कामासाठी मागवलं होतं त्यापेक्षा वेगळ्याच कामाला ते जास्त आलं.

आधी रंगांचं. आमच्या प्लेटवर अल्बिकन्स हिरवी येते. ट्रॉपिकॅलिस पोलादी निळी, आणि तिच्या भोवतीच्या अगारातही जांभळट छटा उतरते. क्रुसेई गुलाबी, कोरडी, खरखरीत, कडेला फिकट होत पसरलेली. प्रत्येक जातीची एन्झाइम्स वेगळी असतात. माध्यमातला बिनरंगी पदार्थ त्या एन्झाइमने फोडला की रंग सुटतो आणि कॉलनीतच राहतो. १९९४ साली ऑड्स आणि बर्नार्ट्स यांनी अशा माध्यमावर या तिघींची प्राथमिक ओळख पटते हे दाखवलं होतं, आणि या तिघींच्या बाबतीत माझाही विश्वास बसला आहे. कंपनी बदलली की रंग बदलतात, म्हणून दुसऱ्या लॅबचा तक्ता आपल्या भिंतीवर लावू नका.

खरी अडचण गुलाबी-जांभळ्या गटात आहे. ग्लॅब्राटा या रंगात येते, पण लुसिटानी, गिलिअरमाँडी आणि आणखी काही जणीही याच्याच जवळपासच्या छटा देतात. पॅराप्सिलोसिस तर क्रीमपासून फिक्या गुलाबीपर्यंत कुठेही असू शकते. इथे नुसत्या रंगावरून नाव लिहायला मी आता तयार होत नाही.

दुसऱ्या महिन्यात एक ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आलं. ग्रॅम स्टेनमध्ये कोंब फुटलेल्या यीस्ट पेशी, काही मोठ्या, काही बारीक. २४ तासांनी प्लेटवर सगळं हिरवं. मी 'अल्बिकन्स' लिहिणारच होते, पण त्या बारीक पेशी डोक्यातून जात नव्हत्या, म्हणून प्लेट परत इनक्युबेटरमध्ये ठेवली. ४८ तासांनी हिरव्या कॉलन्यांच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढ्या, चकचकीत जांभळ्या कॉलन्या वर आल्या होत्या. त्या वेगळ्या करून शुद्ध कल्चर केलं: जर्म ट्यूब निगेटिव्ह, ट्रेहॅलोज या साखरेची चाचणी झटपट पॉझिटिव्ह, ग्लॅब्राटा. सॅब्युरोवर दोन्ही पांढऱ्याच दिसल्या असत्या आणि दुसरी कुणाच्या लक्षातही आली नसती. मिश्र संसर्ग उघड करणं हे या माध्यमाचं सगळ्यात मोठं काम आहे, आणि केवळ त्यासाठी मी ते पुन्हा घेईन.

आता फसलेली गोष्ट. चौथ्या महिन्यात एका लघवीच्या नमुन्यात कोरडी, सुरकुतलेली, धुरकट कॉलनी आली. रंग नेमका कशातच बसत नव्हता, पण खरखरीतपणा बघून मी वहीत 'क्रुसेई?' असं लिहिलं. कामाच्या गर्दीत ते प्रश्नचिन्ह पुसलं जायला वेळ लागला नसता. नशिबाने कॉर्नमील अगारही (पेशींची रचना बघायचं माध्यम) लावलं होतं. ट्वीन ८० घातलेलं कॉर्नमील, सुईने हलकेच ओढलेली रेघ, वर कव्हरस्लिप, आणि २५ अंशांवर दोन-तीन दिवस. प्लेट तशीच मायक्रोस्कोपखाली धरली. क्रुसेई असती तर काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा लांबट पेशी दिसल्या असत्या. इथे तंतू होते, आणि ते तुटून चौकोनी तुकडे झाले होते, म्हणजे आर्थ्रोकोनिडिया. मधूनमधून कोंब फुटलेल्या गोल पेशीही होत्या. युरिएज (युरिया फोडला जातो का हे बघणारी चाचणी) लावलं, ते गुलाबी झालं, म्हणजे पॉझिटिव्ह. ट्रायकोस्पोरॉन!

ही चूक साधी ठरली नसती. यीस्टसारखं दिसणं हा वाढीचा एक प्रकार आहे, कूळ नव्हे. कँडिडा अ‍ॅस्कोमायसीट्समधली, तर ट्रायकोस्पोरॉन आणि क्रिप्टोकॉकस बॅसिडिओमायसीट्स या बुरशींच्या दुसऱ्याच मोठ्या गटातले. क्रुसेईवर चालणारी एकायनोकँडिन गटातली औषधं ट्रायकोस्पोरॉनवर चालत नाहीत. दोन कॉलन्या दिसायला बहिणी आणि नात्याने कोसो दूर, हे प्लेट सांगत नाही.

गडद हिरवा रंग आला तरी मी थांबते. डब्लिनिएन्सिस ही जात १९९५ साली अल्बिकन्सपासून वेगळी मांडली गेली. तिची जर्म ट्यूब पॉझिटिव्ह येते, क्लॅमिडोस्पोअर्सही (जाड भिंतीच्या गोल पेशी) येतात. ४५ अंशांवर ती सहसा वाढत नाही, अल्बिकन्स बहुधा वाढते. पण कल्चर जुनं झालं की गडद हिरवा आणि साधा हिरवा हा फरक माझ्या डोळ्यांना तरी पटण्यासारखा राहत नाही.

कँडिडाच्या ऑरिस या जातीचा धडा सातव्या महिन्यात मिळाला. फिकट, गुळगुळीत कॉलन्या, जर्म ट्यूब निगेटिव्ह, कॉर्नमीलवर जवळपास नुसत्या यीस्ट पेशी, आणि ४२ अंशांवर छान वाढ. ऑटोमेटेड यंत्राने 'हीम्युलोनी' असं दुसऱ्याच जातीचं नाव दिलं. २००९ साली जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून ऑरिस पहिल्यांदा वर्णिली गेली, आणि त्यानंतर कितीतरी ठिकाणी ती याच नावाखाली लपली होती. म्हणून कल्चर मॅल्डी-टॉफ यंत्र असलेल्या मोठ्या लॅबला पाठवलं. ऑरिसच निघाली. मॅल्डी-टॉफमध्ये पेशीतल्या, मुख्यतः रायबोसोमच्या प्रथिनांचा आलेख साठवलेल्या आलेखांशी ताडून बघतात, आणि एरवी ज्याला दिवस लागतात ते काही मिनिटांत होतं. तेही अडलं तर डीएनएच्या आयटीएस किंवा डी१/डी२ भागाचं सिक्वेन्सिंग, म्हणजे त्याचा क्रम वाचणं.

नावांचा गोंधळ वेगळाच. 'कँडिडा'त पूर्वी एकमेकींशी फारसं नातं नसलेल्या जातीही टाकल्या गेल्या होत्या. डीएनए बघितल्यावर त्या विखुरल्या. ग्लॅब्राटा आता नाकासीओमायसीस, क्रुसेई पिचिया कुद्रियावझेवी, ऑरिस २०२४ पासून कँडिडोझायमा. आम्ही रिपोर्टवर नवं नाव लिहून पुढे 'पूर्वीचं नाव' म्हणून जुनंही देतो. वॉर्डातल्या डॉक्टरांचा फोन त्यामुळे थांबला.

वापरताना दोन गोष्टी सांभाळा. प्लेट्स उजेडात ठेवू नका. आमच्याकडे एक गठ्ठा दिवसभर ट्यूबलाइटखाली राहिला आणि कंट्रोलची (तपासणीपुरती लावलेली, ओळखीची) अल्बिकन्ससुद्धा इतकी फिकी आली की सगळा गठ्ठा टाकून द्यावा लागला. आणि प्रत्येक नव्या लॉटला ओळखीच्या अल्बिकन्स, ट्रॉपिकॅलिस, क्रुसेई लावून बघा. पावडर आणत असाल तर पाकिटावरची सूचना नीट वाचा. आमची पावडर फक्त उकळायची होती, ऑटोक्लेव्ह करायची नव्हती.

पुढच्या खरेदीत हेच माध्यम आहे, सोबत कॉर्नमील आणि युरिएजही. माझ्या वहीत आता प्रत्येक नमुन्यापुढे २४ तासांचा रंग, ४८ तासांचा रंग आणि कॉर्नमीलवर काय दिसलं, असे तीन रकाने असतात. नावाचा रकाना मी शेवटी भरते.