सिम्युलेटर की खरं सेसना: पैसे आधी कुठे घालावेत?

घरी एक्स-प्लेन या संगणकावरच्या सिम्युलेटरवर दीडेकशे तास झाल्यावर मी पहिल्यांदा खऱ्या सेसना १७२ या शिकायच्या छोट्या विमानात बसलो. चेकलिस्ट तोंडपाठ. धावपट्टीवर ५५ नॉट्सला नाक उचलायचं, फायनलला (उतरण्याआधीच्या सरळ टप्प्यात) ६५ धरायचे, सगळं ठाऊक. दहा मिनिटांत सरांनी समोरची घड्याळं चार्टनं झाकली आणि म्हणाले, "आता उडव." मला जमेना.

सिम्युलेटरची बाजू लंगडी आहे असं नाही. व्हीओआर (दिशा दाखवणारं रेडिओ केंद्र) पकडणं, होल्डमध्ये (हवेतल्या ठरलेल्या घिरट्यांत) शिरणं, आयएलएसच्या (धावपट्टीकडे उतरवत नेणाऱ्या रेडिओ यंत्रणेच्या) सुया सांभाळणं शिकायला घरची खुर्चीच बरी. चुकलं की पॉज, पुन्हा दहा मैल मागे. खऱ्या विमानात त्याच चुकीचं तासाचं बिल पाच आकडी येतं. जुलैत ढग खाली उतरले की फील्डवर सगळे चहा पीत बसतात, घरचं विमान उडतंच. विमान वाहतुकीची नियामक डीजीसीएसुद्धा इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या (फक्त घड्याळांवर उडवायच्या परवान्याच्या) ४० तास इन्स्ट्रुमेंट वेळेत २० तासांपर्यंत मान्यताप्राप्त सिम्युलेटर धरते. (घरचे तास धरत नाही. ते फक्त बायको मोजते.)

पण ट्रिम!

खऱ्या विमानात फ्लॅप्स (पंखांमागच्या झडपा) टाकले की नाक वर जायला बघतं आणि योक (विमानाचं हँडल) हातात जोर करतो. तुम्ही नाक हवं तिथे दाबून धरता, मग थ्रॉटलखालचं चाक फिरवत तो जोर काढून टाकता. हात मोकळा झाला की ट्रिम झालं. हे हाताला कळतं, बघावं लागत नाही. घरच्या स्टिकला स्प्रिंग असते. वेग ६५ असो की ११०, तिचा मध्य तिथेच. ट्रिमचं बटण दाबत जायचं, त्याच मापानं स्टिक सोडत जायची आणि जमलं का ते बघायला व्हर्टिकल स्पीडचा (चढ-उताराचा वेग दाखवणारा) काटा शोधायचा. तो काटा आधीच उशिरा बोलणारा. दीडशे तास मी त्याच्याच मागे धावलो होतो; बाहेर क्षितिज असतं हे विसरूनच गेलो होतो. ही सवय मोडायला सात-आठ तास गेले, तेही पाच आकडी दरानं.

फोर्स फीडबॅकचे, म्हणजे हाताला खऱ्यासारखा जोर देणारे, योक मिळतात म्हणा, पण किंमत ऐकून मी दुकानाचं पान बंद केलं.

बाकीचे फरक तुम्हाला माहीतच असतील: उजव्या पायाला लागणारं रडर (शेपटीचं सुकाणू), बारामतीसारख्या तापलेल्या माळावरचे एप्रिलमधले दुपारचे हिसके, फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलताना) डोळ्याच्या कडेनं वर येणारी जमीन. त्यांची सवय होते.

कुणाचा अनुभव वेगळाही असेल. पण मला विचाराल तर योक-पेडल मागवण्याआधी त्याच पैशांत खऱ्या विमानात दोन-तीन तास काढा. ट्रिम एकदा हाताला कळू द्या, मग खुशाल घरी बसा.

माझी स्टिक अजून टेबलावर आहे. अधूनमधून आयएलएस करतो. ट्रिमचं काम मात्र ऑटोपायलटकडे दिलंय.