ब्लॉग हलवताना गमावलेले डोमेन

माझा ब्लॉग २०११ पासून ड्रुपल या साइट चालवण्याच्या प्रणालीवर होता. ड्रुपलची सातवी आवृत्ती त्याच वर्षी जानेवारीत आली होती आणि ओळखीच्या एका विद्यार्थ्याने मला ती बसवून दिली होती. त्यानंतर चौदा वर्षे मी केवळ लिहीत गेले. आत काय चालते ते पाहण्याची वेळ आली नाही आणि खरे सांगायचे तर इच्छाही झाली नाही. ६१२ लेख, चार हजारांच्या आसपास छायाचित्रे आणि वाचकांच्या प्रतिक्रिया, ज्यांतल्या काही माझ्या लेखांहून सरस होत्या, एवढा तो पसारा होता. आज लेख माझ्याकडे आहेत आणि छायाचित्रांपैकी बरीचशी परत मिळाली आहेत. पण ज्या पत्त्यावर वाचक इतकी वर्षे येत होते, ते डोमेन दुसऱ्याच्या नावावर आहे. त्यासाठी त्याला कोणतेही कुलूप तोडावे लागले नाही, कारण किल्ली मीच ईमेलने पाठवली होती. हे कसे घडले ते क्रमाने लिहिते, कारण त्यातली प्रत्येक पायरी त्या त्या वेळी मला अगदी रास्त वाटली होती.

सुरुवात एका ईमेलने झाली. तुमचा ब्लॉग ड्रुपल ७ वर आहे, त्या आवृत्तीची मुदत संपत आहे, त्यानंतर साइट कधीही बंद पडेल, असे त्यात लिहिले होते. मजकूर सभ्य होता, माझ्या दोन लेखांचा उल्लेख होता, त्यामुळे या गृहस्थांनी माझा ब्लॉग लक्षपूर्वक पाहिला आहे असा माझा समज झाला. पुढे कळले की ड्रुपल ७ आपल्या प्रत्येक पानाच्या सोर्समध्ये स्वतःचे नाव आणि आवृत्ती लिहून ठेवते, आणि अशी पाने शोधून त्यांच्या मालकांना एकाच साच्याचे पत्र पाठवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. पत्रातली मूळ माहिती खरी होती: ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. पण आधार संपणे म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येणे थांबणे. साइट त्या दिवशी बंद पडत नाही. स्थलांतर करायला हवे होते हे नक्की, मात्र ते शांतपणे, दोन-तीन महिने घेऊन करता आले असते. खऱ्या तारखेला खोटी घाई जोडली की माणूस तारखेची खातरजमा करतो आणि ती खरी निघाल्यावर घाईवरही विश्वास ठेवतो. मी नेमके तेच केले.

दहा दिवसांत सर्व लेख वर्डप्रेसवर नेऊन देतो, निम्मी रक्कम आधी आणि निम्मी काम पाहिल्यावर, असे त्या गृहस्थांशी ठरले. रक्कम इतरांनी सांगितलेल्या रकमांपेक्षा बरीच कमी होती. त्यांनी आधी केलेल्या कामांचे चार दुवे पाठवले आणि मी ते उघडून पाहिले, पण त्या साइटच्या मालकांना एका ओळीचे पत्र पाठवून विचारले नाही.

त्यानंतर त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. ड्रुपलचे प्रशासक खाते आणि जुन्या होस्टिंगचे, म्हणजे साइटच्या फाइली ठेवलेल्या भाड्याच्या जागेचे, लॉगिन या पहिल्या दोन, आणि त्या मागण्यात काही गैर नव्हते. त्यांच्याशिवाय डेटाबेस आणि फाइली उचलता येत नाहीत. तिसरी गोष्ट होती डोमेनचा ऑथ-कोड. “मॅडम, डोमेन आमच्या पॅनेलवर असले की जोडणी लगेच होते, तुम्हाला काहीच पाहावे लागत नाही,” असे त्यांनी फोनवर सांगितले. मला वाटले, घर बदलताना टपाल खात्याला नवा पत्ता कळवण्यासारखे हे काही तरी असेल. प्रत्यक्षात तसे कळवण्याचे काम डीएनएस, म्हणजे कोणते डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी यंत्रणा, करते: डोमेन आपल्याच रजिस्ट्रारकडे, म्हणजे ते जिथे नोंदवले त्या कंपनीकडे, आपल्याच नावावर राहते, आणि त्या यंत्रणेतल्या नेमसर्व्हर किंवा ए रेकॉर्ड या नोंदी बदलून ते नव्या सर्व्हरकडे वळवता येते. दहा मिनिटांचे काम आहे आणि ते फोनवर सांगूनही करून घेता येते. ऑथ-कोड लागतो तो डोमेन एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेण्यासाठी, आणि ब्लॉगच्या स्थलांतराला त्याची मुळीच गरज नसते. मी डोमेनचे हस्तांतर रोखणारे लॉक काढले, कोड पाठवला आणि रजिस्ट्रारकडून पुष्टीसाठी आलेल्या ईमेलमधल्या दुव्यावर क्लिकही केले. त्या ईमेलमध्ये काय होत आहे ते स्पष्ट शब्दांत लिहिले होते, पण मी ते वाचले नाही.

आठव्या दिवशी तात्पुरत्या पत्त्यावर नवा ब्लॉग पाहायला मिळाला. रूप देखणे होते, लेख जागच्या जागी होते, छायाचित्रेही दिसत होती. मी वीस-पंचवीस लेख उघडून पाहिले, समाधान झाले आणि उरलेली रक्कम त्याच संध्याकाळी पाठवली. त्यांनी लगोलग सुचवले की जुने होस्टिंग आता रद्द करावे, कारण तोच मजकूर दोन ठिकाणी राहिला तर गूगल दंड करते. असा सरसकट दंड गूगल करत नाही; एकाच मजकुराच्या प्रती सापडल्या तर त्यांपैकी एक निवडून ती दाखवते, इतकेच. शिवाय डोमेन नव्या सर्व्हरकडे वळल्यावर जुनी प्रत त्या पत्त्यावर कोणाला दिसणारही नव्हती. मला हे त्या वेळी माहीत नव्हते, आणि दोन ठिकाणचे भाडे कशाला भरायचे हा हिशेबही मनात होताच. मी होस्टिंग रद्द केले. काही दिवसांनी त्या कंपनीने आपल्या नियमानुसार माझ्या फाइली आणि त्यांच्याकडचा बॅकअप दोन्ही पुसून टाकले. त्यात त्यांचा काही दोष नाही.

छायाचित्रे नव्या सर्व्हरवर आलेलीच नव्हती. लेखांच्या मजकुरात त्यांचे जुने पूर्ण पत्ते तसेच राहिले होते, त्यामुळे तात्पुरत्या पत्त्यावर मला दिसत होती ती माझ्याच जुन्या होस्टिंगवरून येणारी छायाचित्रे होती. कोणत्याही एका छायाचित्रावर उजवे क्लिक करून ते वेगळ्या टॅबमध्ये उघडले असते तर वरच्या पट्टीत हे उघड दिसले असते. डोमेन वळल्यावर सगळी चित्रे तुटली, आणि तेसुद्धा मला चार दिवस कळले नाही, कारण माझ्या ब्राउझरच्या कॅशेत ती साठलेली होती आणि मला सर्व काही ठीक दिसत होते. एका जुन्या वाचकाने विचारले की लेखांतली चित्रे तुम्ही मुद्दाम काढलीत का, तेव्हा मी दुसऱ्या यंत्रावर ब्लॉग उघडला.

मी तक्रार केल्यावर उत्तर आले की मीडिया आणि प्रतिक्रिया हे मूळ करारात नव्हते, त्यांचे वेगळे पैसे पडतील; पहिल्या दिवशी घेतलेली पूर्ण प्रत आमच्याकडे सुरक्षित आहे, काळजी नसावी. हे वाक्य मी दोनदा वाचले. करार म्हणजे आमच्यातली ईमेल होती आणि तिच्यात ‘सर्व लेख’ असे माझेच शब्द होते. लेख म्हटले की त्यातली चित्रे आणि खालच्या प्रतिक्रिया आल्याच, हे माझे गृहीत कागदावर कुठेही उतरलेले नव्हते. मी पैसे दिले. बदल्यात जी झिप फाइल आली तिच्यात २०१७ नंतरची छायाचित्रे होती, आणि प्रतिक्रियांच्या फाइलमध्ये देवनागरीच्या जागी ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे होती. देवनागरी सामावू न शकणाऱ्या संकेतप्रणालीत मजकूर एकदा उतरला आणि तसाच साठवला गेला की त्या प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षरे परत काढता येत नाहीत. पैशांपेक्षा मला आजही याचेच अधिक वाईट वाटते.

दरम्यान वाचकांची संख्या घसरत चालली होती. जुन्या लेखांचे पत्ते ‘नोड’ आणि क्रमांक अशा स्वरूपाचे होते. नवे पत्ते वर्डप्रेसने मराठी शीर्षकांवरून तयार केले होते. देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा पत्त्यात नऊ चिन्हांची जागा घेते आणि वर्डप्रेस त्या भागाला २०० चिन्हांच्या पुढे जाऊ देत नाही, म्हणून काना-मात्रा धरून बावीस अक्षरांनंतर शीर्षक मध्येच कापले जाते. ते दिसायला विचित्र असले तरी चालले असते. खरी गरज होती ती प्रत्येक जुना पत्ता त्याच लेखाच्या नव्या पत्त्याशी ३०१ रीडायरेक्टने, म्हणजे पान कायमचे हलले आहे असे सांगून तिकडे नेणाऱ्या सूचनेने, जोडण्याची, आणि ६१२ लेखांसाठी तशी यादी ड्रुपलच्या डेटाबेसमधून सहज निघते. त्याऐवजी प्रत्येक जुना पत्ता मुखपृष्ठाकडे वळवला होता. ज्याला २०१४ मधला एक लेख हवा आहे त्याला मुखपृष्ठावर आणून सोडले तर तो निघून जातो, आणि शोधयंत्रेही अशा पत्त्याला पान हरवल्यासारखेच मानतात.

ज्या देखण्या रूपावर मी भाळले होते, ती एका विकत मिळणाऱ्या थीमची चोरटी प्रत होती. तिच्या तळटीपेच्या फाइलमध्ये जुगाराच्या साइटचे चाळीसेक दुवे होते, पडद्यावर न दिसतील अशा रीतीने लपवलेले. गूगलवर माझ्या डोमेनपुरता शोध घेतला तेव्हा माझ्या लेखांच्या वर्णनात ते शब्द दिसू लागले होते. हे त्यांनी हेतुपुरस्सर केले की फुकट मिळाली म्हणून ती थीम वापरली, हे मी सांगू शकत नाही.

तिसरी मागणी वार्षिक देखभालीची आली. मी नकार दिला आणि मला दुसरीकडे जायचे आहे, डोमेनचा ऑथ-कोड द्यावा, असे लिहिले. दुसऱ्या दिवशी ब्लॉगच्या जागी ‘देखभाल सुरू आहे’ असे एक कोरे पान दिसू लागले. तेव्हा मी पहिल्यांदा डोमेनची नोंद तपासली. नोंदणीधारकाच्या रकान्यात माझे नाव नव्हते. रजिस्ट्रारला लिहिले, तर त्यांनी नम्रपणे कळवले की कोड मागण्याचा हक्क नोंदणीधारकाचा आहे. नोंदणीधारकाने मागितल्यास तो पाच दिवसांच्या आत द्यावा लागतो, असा आयकॅनचा, म्हणजे डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचा, नियमच आहे. तो नियम माझ्या बाजूचा असता, जर नाव माझे असते. हस्तांतर नुकतेच झाले असल्यामुळे ६० दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलणारही नव्हते. आयकॅनचे १९९९ पासूनचे वाद-निवारण धोरण वाचून पाहिले, पण ते ट्रेडमार्कधारकांसाठी आहे आणि माझ्या ब्लॉगच्या नावाचा ट्रेडमार्क घेण्याचा विचार मला कधी शिवलाही नव्हता. पोलिसांत तक्रार दिली आहे. तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता की कोड तुम्हीच पाठवला होता ना, आणि त्याचे उत्तर हो असेच होते.

पुढचे काम मी स्वतः केले. लेख आधी वर्ड फाइलीत लिहिण्याची माझी जुनी सवय उपयोगी पडली. उरलेली छायाचित्रे काही जुन्या हार्ड डिस्कवर आणि काही वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडली. प्रतिक्रियांपैकी ज्या तिथे टिपल्या गेल्या होत्या तेवढ्याच बचावल्या. नव्या डोमेनवर नवा ब्लॉग उभा आहे. नोंदणीधारक, प्रशासकीय संपर्क आणि पैसे भरणारे खाते, तिन्ही ठिकाणी माझे नाव आहे, आणि संपर्काचा ईमेल त्या डोमेनवरचा नाही, म्हणजे डोमेनला काही झाले तरी पत्र माझ्यापर्यंत पोहोचेल. तांत्रिक मदतीसाठी जी मुलगी येते तिला मी वेगळे खाते काढून दिले आहे. काम झाल्यावर ते बंद करा, असे तिनेच पहिल्या दिवशी सांगितले. जुन्या होस्टिंगवरची प्रतही आता उरलेली नसल्याने, या वेळी प्रत्येक महिन्याचा बॅकअप माझ्या टेबलावरच्या डिस्कवर उतरतो.

जुन्या डोमेनची मुदत कधी संपते ती तारीख सार्वजनिक नोंदीत दिसते. त्या गृहस्थांनी नूतनीकरण केले नाही, तर रजिस्ट्रारच्या सवलतीच्या दिवसांनंतर ३० दिवसांचा, मालकाला ते सोडवून घेता येण्याचा काळ आणि मग पुसण्यापूर्वीचे पाच दिवस असतात, आणि त्यानंतर ते कोणालाही नोंदवता येते. मध्येच रजिस्ट्रारने लिलावात काढले तर तेही नाही. मी ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.