‘हॅम स्पेशल’ पॉवर सप्लायचं झाकण आधी उघडायला लावा

जुळे सोलापुरातल्या एका नव्या हॅम रेडिओ (हौशी बिनतारी) लायसन्सधारकाला साडेसहा हजारांना विकलेला पॉवर सप्लाय उघडून पाहिला. आत जे निघालं ते सगळ्या हॅम मंडळींना कळावं म्हणून हे लिहितोय. दुकानाचं नाव देत नाही. असाच डबा उद्या दुसऱ्या स्टिकरखाली दुसरीकडे मिळेल.

बाहेरून माल देखणा. काळं कॅबिनेट, व्होल्ट-अँपिअरचे डिजिटल मीटर, ‘१३.८ व्होल्ट, ३० अँपिअर, लो नॉइज’ असं स्टिकर आणि ‘नॉइज ऑफसेट’ लिहिलेला एक नॉब. आत मात्र गड्ड्याच्या जत्रेत रोषणाईच्या एलईडी पट्ट्यांना लावतात तो जाळीच्या पत्र्याचा १२ व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंगवर चालणारा सप्लाय), चार स्क्रूंवर जसाच्या तसा बसवलेला. बोर्डवरचा प्रीसेट (व्होल्टेज ठरवणारा छोटा स्क्रू) पिळून १३.८ व्होल्ट केलेले. चांगल्या सप्लायमध्ये नॉइज ऑफसेटचा नॉब स्विचिंगची फ्रिक्वेन्सी थोडी सरकवतो, म्हणजे ऐकायच्या स्टेशनवरून नॉइज बाजूला जातो. इथे नॉबमागच्या पॉटच्या (फिरत्या रेझिस्टरच्या) तिन्ही पायांना एकही वायर नव्हती. ही चूक नाही, ही ठरवून केलेली फसवणूक आहे.

खरा घोटाळा बोर्डवर होता. एसएमपीएस २३० व्होल्ट एसीचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो आणि ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. त्याचे हार्मोनिक्स (त्या फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल) हॅमच्या ७ आणि १४ मेगाहर्ट्झ बँडपर्यंत सहज पोचतात. ते मेनच्या वायरीत शिरले की घरातलं सगळं वायरिंगच अँटेना होतं. ते अडवायला एसी टर्मिनललगत कॉमन मोड चोक (दोन्ही वायरींवरचा नॉइज अडवणारं कॉइल), दोन मेन वायरींमधला एक्स२ कपॅसिटर आणि अर्थकडे जाणारे दोन वाय कपॅसिटर लागतात. या बोर्डवर चोकची जागा छापलेली होती, पण तिथे वायरीचे दोन जंपर टाकलेले. कपॅसिटरच्या जागा रिकाम्या. हे भाग नसले तरी दिवा पेटतो, मीटर १३.८ दाखवतो, म्हणून पैसे वाचवायला पहिली कात्री इथेच लागते आणि दुकानातल्या चाचणीत काहीच कळत नाही.

आकडे असे: ७.१ मेगाहर्ट्झवर, रिग (रेडिओ संच) बॅटरीवर चालवून, प्रीअँप बंद ठेवून रिगच्या सिग्नल मीटरवर नॉइज एस३. हा सप्लाय रिगला न जोडता शेजारच्या प्लगमध्ये नुसता चालू केला की एस८. एका एस-युनिटला ६ डेसिबल धरले तर ३० डेसिबल, म्हणजे हजारपट पॉवरचा नॉइज. एवढ्यात दूरचं कमजोर स्टेशन पार बुडून जातं.

तक्रार केल्यावर ठरलेलं उत्तर मिळालं, “तुमच्याकडं पॉवरलूमचा नॉइज आहे.” सोलापुरात हे कुणालाही पटतं, म्हणून ते तपासायची रीत सांगतो. यूपीएसची ७ एएच बॅटरी रिगला जोडा (रिसीव्हला बहुतेक रिग एक-दीड अँपिअर घेतात, अर्धा तास आरामात चालतं), घरचा मेन एमसीबी बंद करा आणि ऐका. तरीही नॉइज तसाच राहिला तर तो बाहेरचा. लाइनवरच्या ठिणगीचा नॉइज १०० हर्ट्झचा खरखरीत आणि बँडभर सारखा पसरलेला असतो. एसएमपीएसचा वेगळा. डायल फिरवताना ठरावीक अंतरावर उंचवटे येतात, सप्लाय तापला की ते हळूहळू सरकतात. दोन उंचवट्यांमधलं अंतर बहुधा त्याच्या स्विचिंग फ्रिक्वेन्सीइतकं असतं.

मग त्याच दुकानातून बाराशे रुपयांचा ‘नॉइज फिल्टर’ गळ्यात मारला गेला. फोडल्यावर आत सॉकेटपासून सॉकेटपर्यंत सरळ वायर आणि एक एलईडी. सोबत दिलेले क्लिपचे ‘फेराइट’ (वायरीवर बसवून नॉइज अडवणारे चुंबकीय तुकडे) पोकळ प्लास्टिकचे. फेराइट लोहचुंबकाला चिकटतं, एवढी साधी परीक्षा खिशात नेता येते.

खरं फेराइटही एका वेढ्यात ७ मेगाहर्ट्झला फारसं काही करत नाही. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून सात क्लिपा लावून सातपट, पण एकाच कड्यातून सात वेढे घेतले तर जवळजवळ एकोणपन्नासपट. ३१ मिक्सचं (फेराइटचा एक प्रकार) २.४ इंची कडं घ्या. जुन्या कॉम्प्युटर सप्लायमधलं पिवळं-पांढरं कडं आयर्न पावडरचं असतं, ते या कामाचं नाही. डीसीच्या लाल-काळ्या वायरी एकत्रच गुंडाळा. एकटी लाल गुंडाळली तर २० अँपिअरने कोअर (कडं) सॅच्युरेट होतो, म्हणजे नॉइज अडवेनासा होतो. मेनला धातूच्या घराचा तयार आयईसी फिल्टर (मेन सॉकेटसकट येणारा) कॅबिनेटला घट्ट टेकवून बसवा. अर्थिंग नसेल तर त्यातले वाय कपॅसिटर कॅबिनेटला निम्म्या मेन व्होल्टेजवर आणतात आणि हाताला झिणझिण्या येतात. अर्थिंग आधी करा. बोर्डवर स्वतः कपॅसिटर डकवू नका. सप्लाय बंद केल्यावरही ३२५ व्होल्ट काही वेळ तसेच राहतात.

तरी आमचं मत, असला डबा सुधारत बसू नका, परत करा. त्यात ओव्हरव्होल्टेजचं भरवशाचं संरक्षण नसेल आणि फीडबॅक (व्होल्टेज ताब्यात ठेवणारं सर्किट) गेला, तर व्होल्टेज वाढतो आणि १५.९ व्होल्टच्या पुढे बहुतेक रिगची मर्यादा संपते.

नवीन घेताना झाकण उघडून चोक आणि एक्स२ डोळ्यांनी बघा. बॅटरीवरचा शॉर्टवेव्ह रेडिओ एक मीटरवर ठेवून ७ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐका, आधी लोडशिवाय, मग ५५ वॅटचे चार हेडलाइट बल्ब लावून. चारांना मिळून १८ ते २० अँपिअर लागतात. अ‍ॅडॉप्टरवरच्या आयएस १३२५२ च्या नंबरावर विसंबू नका, तो विजेच्या सुरक्षिततेचा आहे, रेडिओ नॉइजचा नाही. पक्कं बिल घ्या आणि त्यावर ‘७ मेगाहर्ट्झवर नॉइज आल्यास परत’ असं लिहून घ्या. दुकानदार लिहून द्यायला तयार नसेल तर पैसे काढू नका. घेऊन बसला असाल, तर उघडलेल्या बोर्डचे फोटो आणि बिल हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा.